बाई मस्टरवर आहे, पण कुठल्या पायरीवर? घनकचरा आणि पर्यावरण खात्यासाठी कामाची रीत

सकाळी सातच्या सुमारास मुंबईच्या कुठल्याही वॉर्डात फेरफटका मारा. रस्ता झाडणाऱ्यांत बायका हमखास दिसतील. थोड्या वेळाने कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा दाबून भरणारा ट्रक, येतो. त्याचा चालक पुरुष, सोबतचे मोटर लोडर, म्हणजे गाडीत कचरा भरणारे कामगार, तेही पुरुष. चौकीत हजेरी घेणारा मुकादम बहुतेक वेळा पुरुषच. त्याच्या वर कनिष्ठ आवेक्षक, पर्यवेक्षक, सहायक अभियंता असं चढत गेलं की बायका विरळ होत जातात. तरी अहवालात ‘खात्यात महिला अमुक टक्के’ असं एक वाक्य टाकून विषय मिटवता येतो. सगळ्या बायका तळाच्या पायरीवर असल्या तरी तो टक्का छानच दिसतो.

पुढची रीत वॉर्ड पातळीवर काम करणाऱ्यांसाठी आहे: सहायक अभियंते, आस्थापनेतले हेड क्लार्क, युनियनचे प्रतिनिधी, लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्य आणि आपल्या प्रभागातल्या चौक्यांत डोकावणारे नगरसेवक. वरून धोरण येईल म्हणून थांबू नका. यातलं बरंचसं काम वॉर्ड ऑफिसरच्या सहीने होण्यासारखं आहे.

पहिलं काम: पायरीनिहाय मोजणी

एक तक्ता आखा. डावीकडे वरून खाली पदं लिहा: सहायक अभियंता, मुख्य पर्यवेक्षक, पर्यवेक्षक, कनिष्ठ आवेक्षक, मुकादम, चालक, मोटर लोडर, सफाई कामगार. आडव्या रकान्यांत मंजूर पदं, भरलेली पदं, महिला, पुरुष, तृतीयपंथी आणि दिव्यांग. त्यापुढे आणखी तीन रकाने हवेत: सरळसेवेने (थेट भरतीने) आलेले, पदोन्नतीने आलेले, वारसा हक्काने आलेले.

मग खाली जाड रेघ मारून आस्थापनेबाहेरची माणसं लिहा: कंत्राटदाराचे कामगार, स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियानात वस्त्यांमध्ये काम करणारे ‘स्वयंसेवक’, सुका कचरा केंद्रात वर्गीकरण करणाऱ्या वेचक. स्वयंसेवकांचे पैसे संस्थेला जातात आणि त्यांच्या हातात मानधन पडतं, त्यामुळे पालिकेच्या कागदावर त्या कर्मचारीच नसतात. रेघेखालचा हा भाग भरला नाही, तर वस्ती झाडणारी, गटाराच्या कडेचा कचरा काढणारी बाई हिशेबातच येत नाही.

माहिती कुठून मिळेल? आस्थापनेकडे सेवाज्येष्ठता याद्या असतात, त्यांवर नावं आणि नेमणुकीच्या तारखा असतात. कंत्राटी कामगारांसाठी बिलासोबत जोडलेली भविष्य निर्वाह निधीची चलनं काढा. कंत्राटदाराने तोंडी सांगितलेली संख्या आणि चलनावरची संख्या बऱ्याचदा जुळत नाही, आणि ती तफावत हीसुद्धा माहितीच आहे. तुम्ही खात्याबाहेरचे असाल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. ‘महिला कर्मचाऱ्यांविषयी माहिती द्यावी’ असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघम येईल. ‘अमुक वॉर्डातील मुकादम पदावर कार्यरत महिला व पुरुष यांची स्वतंत्र संख्या’ असं नेमकं मागा.

वारसा हक्काच्या रकान्यावर थोडा वेळ द्या. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या जागी घरातल्या वारसाला नोकरी मिळते. पालिकेत याला ‘पीटी केस’ म्हणतात. मुंबईत झाडू पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक दलित जातींच्याच हातात राहिला. त्यामुळे ही तरतूद कुटुंबाला आधार देते आणि त्याच जातीला त्याच कामाला बांधूनही ठेवते. बाईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. ती अनेकदा नवरा गेल्यावर नोकरीत येते, तेव्हा पस्तिशी-चाळिशी उलटलेली असते. सेवाज्येष्ठता तिथून सुरू झाली तर मुकादमाच्या जागेसाठी तिचा नंबर लागेपर्यंत निवृत्ती समोर येते. म्हणून तक्त्यात नेमणुकीच्या वेळचं वय टिपा. लायक बायका नाहीत की त्यांच्यापाशी वर्षंच उरत नाहीत, हे त्यावरून कळेल. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

मुकादमाची पायरी

सगळ्या शिडीत मला हीच पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. कोणाला कुठला रस्ता द्यायचा, कोणाची रजा पुढे पाठवायची, उशीर झाला तर खाडा लावायचा की नाही, हे रोजचे निर्णय प्रत्यक्षात मुकादमच घेतो. कागदावर अधिकार वरच्यांचे असले तरी बाईच्या दिवसाचा मालक तोच. इथे बायका आल्या की खालचं बरंच काही न सांगता बदलतं.

अडतं कुठे, हे शोधायला गेल्या दोन पदोन्नतींच्या फाइली उघडा. ज्येष्ठतेने पात्र असलेल्या किती बायकांची नावं होती, किती परीक्षेला बसल्या, किती पास झाल्या आणि पास होऊनही किती जणींनी पद नाकारलं, असे चार आकडे काढा. प्रत्येक टप्प्यावरच्या गळतीचं कारण निराळं असतं.

परीक्षेलाच कमी बसल्या असतील तर परिपत्रक त्यांच्यापर्यंत पोहोचलं का ते पाहा. वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावलेला कागद चौकीत पोहोचत नाही. तो हजेरीच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवा आणि ऐकल्याच्या सह्या घ्या. नापास झाल्या असतील तर तयारीचा वर्ग लावा, पण कामाच्या वेळेत. ‘ड्युटीनंतर संध्याकाळी वर्ग’ ही सोय घरी स्वयंपाक तयार मिळणाऱ्यांसाठी असते. कल्याण, विरार किंवा अंबरनाथहून येणारी बाई दुपारची गाडी पकडून घर गाठते, ती संध्याकाळी परत कशी येईल?

पास होऊन नकार दिला असेल तर कारण लेखी विचारा. बहुधा दूरच्या वॉर्डातली बदली हेच कारण निघेल. पदोन्नतीनंतरची पहिली दोन वर्षं त्याच वॉर्डात किंवा त्याच रेल्वेमार्गावरच्या वॉर्डात नेमणूक द्यावी, असा प्रस्ताव पाठवता येतो. त्याला वेगळा खर्च लागत नाही. शिवाय मुकादम रजेवर असताना प्रभार कोणाकडे जातो, याची नोंद ठेवा. प्रभार सांभाळलेल्या माणसाचं नाव पुढे आपोआप सुचतं. वर्षभर तो पुरुषांकडेच गेला असेल तर पुढच्या यादीचा अंदाज आजच बांधता येईल.

‘हलकं काम’ नावाची दया

बाईवर दया म्हणून तिला ऑफिसात घेतलं जातं. फाइली ने-आण कर, टपाल दे, साहेबांचा चहा बघ. ऊन-पाऊस टळतो म्हणून तीही खूश, आणि आपण भलं केलं म्हणून साहेबही. पण ती क्षेत्रीय कामातून बाहेर पडते. गाड्यांच्या फेऱ्या, वजनकाटा, तक्रारींचा निपटारा यांतलं काही तिच्या अनुभवात येत नाही. काही वर्षांनी पर्यवेक्षकाच्या जागेचा विषय निघाला की ‘बाईंना फील्डचा अनुभव नाही’ हे वाक्य तयार असतं.

म्हणून हलकं काम द्या, पण वैद्यकीय कारणासाठी, लेखी आणि ठरावीक मुदतीचं. आजार, गरोदरपण, बाळंतपणानंतरचे महिने यासाठी ते हवंच, पुरुषाला पाठीचं दुखणं असेल तर त्यालाही. मुदत संपली की मूळ कामावर परत. आज वॉर्डात ‘तोंडी आदेशाने’ ऑफिसात बसलेल्यांची यादी काढा. तिच्यात पुरुषही सापडतील, पण त्यांच्या हातात सहसा किल्ल्या आणि रजिस्टरं असतात, चहाची किटली नव्हे.

चौकी: पहाटे जाऊन बघा

पाहणी करायची तर सकाळी हजेरीच्या वेळी जा. दुपारी अकराला गेलात तर झाडलेली, कुलूप उघडलेली चौकी दिसेल. सोबत वॉर्डाबाहेरची एक महिला अधिकारी आणि चौकीतल्या दोन महिला कामगार घ्या. मुकादमाला पाच मिनिटं बाहेर थांबायला सांगा.

संडास आहे का, एवढंच विचारून भागत नाही. आतून कडी लागते का? पाणी आत आहे की बाहेरून बादली न्यावी लागते? दिवा लागतो का? किल्ली कोणाकडे असते, आणि तो माणूस रजेवर असेल तेव्हा कोणाकडे? पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, आणि तो रिकामा कोण करतं? कपडे बदलायला आडोसा आहे, की पुरुष बाहेर पडेपर्यंत थांबावं लागतं? ओला झाडू, बूट आणि घरून आणलेला डबा एकाच कोपऱ्यात राहतात का?

चौकी फुटपाथवर असेल आणि बांधकामाला जागाच नसेल, तर जवळच्या सार्वजनिक शौचालयाशी लेखी व्यवस्था करा. मुंबईत ‘पैसे द्या आणि वापरा’ शौचालयांत पुरुषांची मुतारी फुकट आणि बाईला मात्र पैसे, हा अन्याय २०११ पासून ‘राइट टू पी’ मोहिमेने चव्हाट्यावर मांडला. पालिकेच्याच जागेवर चालणाऱ्या शौचालयात पालिकेच्याच सफाई कामगाराकडून पैसे घ्यायचे, याचं समर्थन कोण करणार? ओळखपत्र किंवा गणवेश दाखवल्यावर मोफत वापर, अशी अट संस्थेच्या करारात घाला आणि त्या पाटीवर वॉर्डाचा तक्रार क्रमांक टाका. कंत्राटी कामगार आणि वस्तीतल्या स्वयंसेवकही त्यात आल्या पाहिजेत.

साहित्याची खरेदी हा रटाळ विषय वाटतो, पण बाईला रोज तोच लागतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी गणवेश, चमकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणं आणि मास्क ठरवून दिले होते. निविदेत मात्र गमबूट सात ते दहा नंबरचे मागवले की चार नंबरच्या पायाने काय करायचं? बाई बूट घरी ठेवते आणि चप्पल घालून पाण्यात उतरते. मग ‘साहित्य देऊनही वापरत नाहीत’ असा शेरा पडतो. मागणीपत्रकासोबत प्रत्येकीचं माप जोडा. हातमोज्यांनाही हेच लागू. गणवेश साडी, पंजाबी ड्रेस की शर्ट-पँट, हे बायकांनाच ठरवू द्या. वयानुसार आवड बदलते.

वेळ, मूल आणि रात्रपाळी

सकाळची पाळी मुलाच्या शाळेच्या वेळेशी भिडते. पाच वर्षांखालचं मूल असणाऱ्यांना, आई असो की बाप, अर्धा तास उशिराची हजेरी आणि तेवढंच उशिरा सुटणं अशी मुभा काही रस्त्यांवर सहज देता येते. मुभा मुकादमाच्या मर्जीवर ठेवू नका, नाहीतर ती उपकार होऊन बसते.

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे. एका चौकीवर पन्नास माणसं नसतात, हे कारण चालवून घेऊ नका. पटावर अख्खा वॉर्ड असतो. वेगळी इमारत बांधायच्या आधी जवळची पालिका शाळा आणि अंगणवाडी बघा, आणि तिथली उघडण्याची वेळ पाळीशी जुळते का ते विचारा. नऊला उघडणारं पाळणाघर पहाटे कामावर आलेल्या आईच्या काय कामाचं?

प्रसूती रजा २६ आठवड्यांची, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की कंत्राटी बाईलाही. पर्यावरण विभागात अकरा महिन्यांच्या कराराने घेतलेल्या तरुण सल्लागार, अभियंता मुली असतील तर तिथे खास लक्ष द्या. पोट दिसायला लागलं आणि करार ‘नैसर्गिकपणे’ संपला, असं घडलं का, ते नूतनीकरणाच्या तारखांवरून कळतं. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा जाहीर झाला. त्या कामाला माणसं लागणार आहेत, तेव्हा ती भरताना नूतनीकरणाच्या तारखांचा रकाना आधीच उघडा ठेवा.

एक तांत्रिक सूचना. १९७६ चा समान मोबदला कायदा आणि १९६१ चा प्रसूती लाभ कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये सामावले आहेत. परिपत्रकात जुनी कलमं टाकाल तर विधी विभागातून फाइल परत येईल.

विसर्जनाच्या रात्री चौपाट्यांवर आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्क-चैत्यभूमी परिसरात जादा कामगार लागतात. बायकांना त्यातून सरसकट वगळू नका, जादा भत्ताही त्यासोबत जातो. त्यांची संमती घ्या, जाण्या-येण्याची गाडी द्या, फिरतं शौचालय कुठे उभं आहे ते आधी सांगा.

जाहिरात आणि बिंदुनामावली

राज्यात सरळसेवेत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच राखीव जागा, आहे. ते पदोन्नतीला लागू होत नाही, त्यामुळे शिडीच्या मधल्या पायऱ्या आपोआप भरत नाहीत. आणि योग्य महिला उमेदवार मिळाली नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या पुरुषाने भरता येते. बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची, याची नोंदवही) तपासताना ‘महिलेअभावी पुरुषाने भरलेल्या जागा’ असा रकाना स्वतः वाढवा. दर भरतीत तीच पदं तिथे दिसली तर दोष उमेदवारांत नसून अटींत असण्याची शक्यता जास्त.

अटी कशा गाळतात, याची उदाहरणं पालिकेतच आहेत. २०२४ मध्ये कार्यकारी सहायकाच्या १,८४६ पदांच्या जाहिरातीत दहावी आणि पदवी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण असण्याची अट होती. टीका झाल्यावर ती काढून जाहिरात नव्याने द्यावी लागली. घरकाम, भावंडं, लग्न यांत एखादं वर्ष गेलेल्या मुलीला ही अट दारातच अडवते. फेब्रुवारी २०२३ मध्ये दहिसरला अग्निशमन दलाच्या भरतीत उंचीच्या मोजमापावरून मुली रस्त्यावर उतरल्या. म्हणून प्रत्येक अटीपुढे लिहा: ही नेमक्या कुठल्या कामासाठी लागते? मोटर लोडरसाठी ‘भरपूर ताकद’ लिहिण्याआधी गाडीला डबा उचलणारं यंत्र आहे का ते बघा. जड डबा उचलून पुरुषांच्याही पाठी मोडतातच.

अंतर्गत समिती

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या पॉश कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात समिती हवी, आणि कार्यालयं वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर प्रत्येक ठिकाणी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि बाहेरची एक सदस्य. तक्रार तीन महिन्यांत करायची (सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने वाढवून मिळतात) आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची. कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ सगळ्या जणी या कायद्याखाली येतात.

वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर समितीचा फलक असतो. चौकीत, कचरा हस्तांतरण केंद्रात, देवनार-कांजूरमार्गला काम करणाऱ्या बाईला तो दिसतो का? सदस्यांत एक तरी सफाई कामगार किंवा मुकादम बाई घ्या. सगळ्या अधिकारी असतील तर झाडूवाली त्यांच्या केबिनचं दार वाजवणार नाही. लिहिता येत नसेल तर सदस्याने तक्रार लिहून घ्यायची असते, हे हजेरीच्या वेळी सांगा. चौकशीच्या काळात बदली करायची वेळ आली तर आरोपी हलवा. ‘तुमच्याच सोयीसाठी’ म्हणून तक्रारदार बाईला दूर पाठवलं की पुढची पाच वर्षं कोणी तक्रार करत नाही. शून्य तक्रारींचा वार्षिक अहवाल आला तर अभिनंदनाआधी फलक किती चौक्यांत आहे ते मोजा.

तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायचा आहे. त्याचं नाव याच फलकावर टाका. अर्जातला लिंगाचा रकाना आणि सेवापुस्तकातला नावबदल आस्थापनेने आधीच नीट करून ठेवावा, पहिली व्यक्ती रुजू झाल्यावर धावपळ नको.

कंत्राटाची अट, आणि नावाचा घोळ

रेघेखालच्या बायकांपर्यंत पोहोचायची वाट निविदेतून जाते. वेतन थेट बँकेत, चलनावर प्रत्येकीचं नाव, पर्यवेक्षकांत महिलांचा ठरलेला वाटा, शौचालय आणि मापाचं साहित्य. या अटी बिलाशी जोडा. पुरावा नसेल तर बिल अडवा. वेचकांच्या बाबतीत स्त्री मुक्ती संघटनेच्या ‘परिसर विकास’ कामाकडे बघण्यासारखं आहे. कचरा वेचणाऱ्या बायकांना संघटित करून, प्रशिक्षण देऊन सोसायट्यांचं ओल्या-सुक्या कचऱ्याचं काम त्यांच्या हाती आलं. केंद्र चालवायला देताना अशा गटांना प्राधान्य द्या.

आणि नावं तपासा. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या दीर्घ लढ्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पालिकेच्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला, आणि नावाच्या स्पेलिंगमधल्या फरकावरून कित्येकांचं घोडं पुढे अडलं. बाईचा घोळ याहून मोठा. आधार माहेरच्या नावाने, रेशनकार्ड सासरच्या, बँकेत लग्नात बदललेलं पहिलं नाव आणि मस्टरवर नुसतं ‘लक्ष्मी’. वर्षातून एकदा वॉर्डात शिबिर घ्या, राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्राने नाव एक करून द्या.

पैसा आणि पुन्हा मोजणी

पालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो. खात्यांच्या मागण्या त्याआधीच गोळा होतात. म्हणून चौक्यांची पाहणी पावसाळ्यात करा. गळणारं छप्पर आणि तुंबलेला संडास तेव्हाच दिसतो, आणि दिवाळीपर्यंत अंदाजपत्रक तयार होतं.

पुरुष सहकारी कुरकुर करतील. ‘पगार सारखा, मग सवलती कशाला?’ हा प्रश्न युनियनच्या सभेतच घ्या, ऑफिसात दाबू नका. संडास, मापाचे बूट, जवळची बदली, डबा उचलणारं यंत्र यांतलं पुरुषाला काय नको आहे, ते एकेक विचारा.

एक वर्षाने तोच तक्ता पुन्हा भरा आणि दोन ओळी आधी वाचा: मुकादम पदावरच्या बायका आणि महिलेअभावी पुरुषाने भरलेल्या जागा. दोन्ही वर्षांचे तक्ते, व्यक्तींची नावं वगळून, प्रत्येक चौकीत लावा. त्याखाली पुढच्या विभागीय परीक्षेची तारीख आणि अर्ज कोणाकडे द्यायचा ते लिहा.